वार मागणाऱ्या वच्छलाबाई

वच्छलाबाई इंगळे यांना वाचता येत नव्हते. तरीही माझ्या हातून छापली गेलेली सर्वांत वाईट चूक त्यांनीच माझ्यासमोर आणून ठेवली.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षे झाली होती. मी पुण्याहून मलकापूरला एका साप्ताहिकात नोकरीला आलो होतो. संपादक पेशाने वकील; ते दिवसभर कोर्टात असत. बातम्या लिहिणे, तपासणे आणि छपाईवर उभे राहणे ही कामे माझ्याकडे होती. अंक शनिवारी निघे. मंगळवारी सकाळी वच्छलाबाई आल्या. पन्नाशीच्या, उंच, हाडापेराने मजबूत. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, अंकाची घडी टेबलावर उलगडली आणि डाव्या हाताचे बोट एका बातमीवर ठेवले. त्या हाताच्या करंगळीचे वरचे पेर नव्हते. ते कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात गेले होते.

“हे तुमीच लिहिलं का?”

“हो.”

“मंग वाचून दाखवा. मले येत नाही.”

बातमी बारा ओळींची होती. मलकापूरच्या वच्छलाबाई इंगळे या महारोगाच्या रुग्णांना मुंबईच्या दवाखान्यात पाठवतात, त्यांच्या मुलांचा मागे सांभाळ करतात, आणि नुकतीच धाडजवळच्या एका खेड्यातील पंचफुलाबाई उपचारासाठी त्यांच्याकडे आली आहे, असा तिचा आशय होता. बातमीत गावाचे नाव होते. इथे ते देत नाही. शेवटी मी ‘पुण्यकार्य’ हा शब्द वापरला होता आणि तो मला आवडला होता.

“तो शब्द पुन्हा वाचा.”

“पुण्यकार्य?”

“तो नाही. रोगाचा.”

“महारोग.”

“कोन सांगतलं तुमाले?”

“उस्मानभाई टांगेवाले.”

“उस्मान काय म्हनला? ‘महारोग’ म्हनला?”

तो तसे म्हणाला नव्हता. स्टेशनवरून येताना उस्मानभाईने टांग्यातून एक घर दाखवले होते आणि म्हटले होते, “हे इंगळेबाईचं घर, साहेब. मोठा रोग झालेले लोक इथून बंबईले जातात.” पंचफुलाचे नाव-गावही त्यानेच सांगितले. मोठा रोग म्हणजे महारोग, इकडच्या बोलीत तसे म्हणत असतील, असे मी ठरवले. बोलीचे शुद्ध मराठीत रूपांतर करणे हे माझे रोजचे काम होते. मी त्याला पुन्हा विचारले नाही, आणि घरासमोरून दोनदा जाऊनही आत गेलो नाही.

“महारोग म्हंजे रगतपिती,” वच्छलाबाई म्हणाल्या. “मोठा रोग म्हंजे गाठ. डाक्टर त्याले क्यान्सर म्हनतात. इथं त्याचं नाव कोनी घेत नाही म्हून मोठा रोग म्हनतात. तुमाले ठाऊक नोतं तं इचाराचं होतं. टांगा काय पळून जाऊन राह्यला होता?”

त्यांचा आवाज चढला नाही. पुढे जे सांगितले तेही त्यांनी त्याच आवाजात सांगितले. पंचफुलाच्या गावात आमचा अंक संध्याकाळी चावडीवर मोठ्याने वाचला जाई. रविवारी तो वाचला गेला. सोमवारी पंचफुलाची मुलगी कुसुम चौथीच्या वर्गाबाहेर ओट्यावर बसवली गेली. धाकट्या मुलाला शेजारच्या अंगणातून हाकलले. चक्कीवाल्याने त्यांचे दळण परत केले. पंचफुलाच्या दिराने, म्हणजे मुले ज्याच्याकडे ठेवली होती त्याने, भावाला सांगितले की वहिनीला परत गावात आणू नको. पंचफुलाचा नवरा सीताराम रातोरात निघून मलकापूरला आला होता. बातमी कोणती ते बोट ठेवून त्यानेच दाखवले होते.

“गुरुवारी तिची गाडी हाय. शुक्रवारी दवाखान्यात तारीख हाय. अन् ती म्हनते मी जात नाही. म्हनते, मी गेली तं माह्या लेकरायले गावात कोनी उभं करनार नाही.”

मुलांना मलकापुरातच आणून ठेवावे, असे मी सुचवले.

“आनता येते. माह्या घरी आज सात हायेत, आनखी दोन काय जड नाहीत. पन मंग ते गाव तिचं राहत नाही. बरी झाली तं जाईन कुठं?”

“पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. पहिल्या पानावर.”

“तुमचा पेपर शनिवारी. गाडी गुरुवारी.” त्यांनी अंकाची घडी घातली. “तुमी कोन्ता वार देता?”

मला प्रश्न कळला नाही. नंतर कळले की मलकापुरातल्या बऱ्याच लोकांना त्यांनी हा प्रश्न विचारलेला होता. त्या कोणाकडे मदत मागत नसत, वार मागत. आठवड्यातला एक दिवस. त्या दिवशी त्यांच्या घरी जे काम पडेल ते त्या माणसाचे. उस्मानभाईने गुरुवार दिला होता, कारण मुंबईला जाणारे रुग्ण बहुधा गुरुवारी निघत. शुक्रवारी त्याला नमाज असे. एका हलवायाने मंगळवार दिला होता. एका सुताराच्या विधवेने सोमवार दिला होता. ती मुलांची डोकी धुऊन देई. मुलांना नावे ठाऊक नसत. ती माणसांना वारानेच ओळखत. उस्मानभाई हा गुरुवारचाचा होता आणि ती बाई सोमवारमावशी.

“रविवार मोकळा असतो,” मी म्हणालो.

“आइतवार पुढं घेईन. पह्यले उद्याचा बुधवार द्या.”

दुपारी आम्ही संपादकांना कोर्टाच्या आवारात गाठले. दुरुस्तीचा एक छापील कागद आज संध्याकाळपर्यंत काढायचा आणि उद्या गावात जाऊन तो वाचायचा, हा बेत वच्छलाबाईंनी वाटेत ठरवला होता. संपादकांची हरकत नव्हती. मजकूर कसा असावा यावर मात्र अर्धा तास गेला. मी ‘कर्करोग’ हा शब्द सुचवला.

“म्हंजे काय?”

“कर्क म्हणजे खेकडा.”

“ब्बाप्पा! मंग लोकं म्हनतीन, तिले खेकडा चावला.”

त्यांनी ‘छातीत गाठ’ असे लिहायला सांगितले. संपादक चष्मा पुसू लागले. एका बाईबद्दल असा शब्द छापणे बरे दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

“मंग गुडघ्यात लिहा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “अन् डाक्टरले बी सांगा, गुडघाच काप.”

संपादकांनी चष्मा लावला आणि हो म्हटले.

तेथून त्या मला आपल्या घरी घेऊन गेल्या. स्टेशनमागच्या दोन खोल्या आणि मोठे अंगण. पंचफुला भिंतीला टेकून बसली होती. तिशीची असेल. मला पाहून तिने पदर ओढला. मी माफी मागू लागलो तेव्हा वच्छलाबाईंनी हाताने थांबवले आणि तिच्यासमोर बसल्या.

“पंचफुला, तुहं नाव पुन्हा छापू का?”

“नाव तं छापलंच हाय.”

“कुसुमले काय ठाऊक हाय?”

“तिले सांगतलं, मामाच्या गावाले जाऊन राह्यली.”

“तिले खरं सांगू?”

“माह्यानं सांगनं होत नाही,” ती म्हणाली. “तुमी सांगा.”

कागदाचा मजकूर वच्छलाबाईंनी सांगितला, मी लिहून घेतला आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला दिला. तो असा होता: ‘पंचफुलाबाईले महारोग नाही. तिच्या छातीत गाठ हाय. गाठ कोनाले लागत नाही. तिच्या लेकरायले शाळेत आत बसवा. चूक पेपरवाल्याची हाय.’ मी सवयीने ‘लेकरायले’वर काट मारून वर ‘मुलांना’ लिहिले होते. मग ती काट काढून टाकली. खिळे जुळवणारा हसला. त्याने ‘हाय’ हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा जुळवला होता, असे तो म्हणाला.

बुधवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. सीताराम मागच्या बाकावर बसला होता. राजूरच्या घाटात बस दोनदा तापली. वच्छलाबाई खिडकीशी बसून शेंगा फोडून खात होत्या आणि टरफले पदरात गोळा करत होत्या. मी काय बोलायचे ते विचारले.

“इचारलं तं सांगजा. न इचारलं तं उभे राहा.”

धाडला उतरून पुढे बैलगाडी केली. गावात त्या आधी चावडीवर गेल्या नाहीत. सीतारामच्या भावाच्या घरी गेल्या. कुसुम दहा वर्षांची, घट्ट वेणी घातलेली मुलगी, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. वच्छलाबाई तिला गोठ्यामागे घेऊन गेल्या. मी गोठ्याच्या अलीकडे होतो. बोलणे ऐकू येत होते.

“तुही आई मामाच्या गावाले गेली नाही. मलकापूरले माह्या घरी हाय. तिच्या छातीत गाठ झाली. मुंबईले जाऊन काढा लागते.”

“मामाच्या गावाले नाही हे ठाऊक होतं मले,” कुसुम म्हणाली. “मामा इथं येऊन गेला आइतवारी.” मग तिने विचारले, “आई मरन का?”

“मले ठाऊक नाही. डाक्टरले बी ठाऊक नाही. पन नाही गेली तं मरन, हे ठाऊक हाय.”

“मंग काऊन नाही जात?”

“तुले ओट्यावर बसवलं म्हून.”

मग वच्छलाबाईंनी विचारले, “तुले वाचता येते ना?”

चावडीवर वीस-पंचवीस माणसे जमली. शाळेचे गुरुजी होते. आमचा अंक दर आठवड्याला तेच वाचून दाखवत आणि त्यांनीच कुसुमला बाहेर बसवले होते. सभ्य, थकलेले गृहस्थ. त्यांनी माझ्याशी शुद्ध भाषेत बोलायला सुरुवात केली. त्यांनी कागदासाठी हात पुढे केला.

“मागल्या खेपेला तुमी वाचलं, गुरुजी,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आता हिले वाचू द्या.”

कुसुमने कागद दोन्ही हातांनी धरला आणि शाळेतल्या सुरात वाचायला सुरुवात केली. ‘छातीत’ या शब्दावर ती अडखळली नाही. ‘शाळेत आत’ या दोन शब्दांवर मात्र थांबली. तिने कागदातून वर पाहिले नाही. पुन्हा ‘शाळेत’पासून सुरू करून शेवटापर्यंत वाचले.

कोणीतरी म्हणाले, “आधीचं बी छापलेलंच होतं. आता हे बी छापलेलंच. खरं मानाचं कोन्तं?”

आता मला विचारले गेले होते. आधीचे मी लिहिले, ऐकून लिहिले, समजून न घेता लिहिले आणि ते चूक आहे, असे मी सांगितले. हे सांगायला फार वेळ लागत नाही.

पुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ मोकळे हसले. “अरे, गाठ असन तं काय! आमाले वाटलं खरंच रगतपिती हाय.”

“अन् असती तं?” वच्छलाबाईंनी विचारले.

म्हाताऱ्याचे हसू थांबले.

“असती तं या लेकरानं काय केलं होतं? त्या रोगावर बी औषध निघालं हाय आता. पन ते बोलाले मी अलग येईन. आज मले परत जाचं हाय.”

दिवाळीनंतर त्या खरोखरच पुन्हा गावात गेल्या. मी सोबत होतो. त्या वेळी ऐकायला माणसे कमी होती.

चावडीवरून लोक उठू लागले तेव्हा गुरुजी कुसुमजवळ आले. त्यांनी तिच्या हातातला कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “उद्या आपल्या जागेवर बस.” वच्छलाबाईंनी त्यांचे आभार मानले नाहीत. त्या कोणाचेच मानत नसत. दिराचे काय, हा प्रश्न राहिला होता. दीर चावडीच्या कडेला उभा होता. त्या त्याच्याकडे गेल्या आणि त्याच्या म्हशीबद्दल बोलत राहिल्या. किती दूध देते, काय खाते. निघताना तोच म्हणाला, “वहिनीले म्हना, लेकरं माह्याजवळ हायेत.”

दिवेलागणीला आम्ही मलकापुरात पोचलो. पंचफुलाने एकच विचारले.

“कुसुमले समजलं?”

“हो.”

“रडली?”

“वाचलं तिनं. समद्या गावापुढं.”

पंचफुला हे ऐकून उठली आणि आपले गाठोडे बांधू लागली. गुरुवारी उस्मानभाईच्या टांग्यातून ती स्टेशनवर गेली. वच्छलाबाईंनी तिला कोऱ्या पोस्टकार्डांची चळत दिली. प्रत्येकावर पत्ता आधीच लिहिलेला होता.

या कार्डांची पद्धत मला पुढच्या रविवारी कळली. बहुतेक रुग्णांना लिहिता येत नसे. त्यांनी दर आठवड्याला कार्डावर रेघा ओढायच्या. विजेचा शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घेतला त्या दिवशी एक उभी रेघ. पोटभर जेवले त्या दिवशी एक गोल. बाकी काही सांगावेसे वाटले तर धर्मशाळेत कोणाकडून लिहून घ्यायचे. माझे रविवारचे काम आलेली कार्डे ज्या त्या मुलाला समजावून सांगणे आणि मुले सांगतील ते उत्तर लिहिणे हे होते. उत्तरात मी भाषा सुधारायची नाही, अशी अट होती. एका मुलाने चार ओळी फक्त बकरीबद्दल सांगितल्या. मी शेवटी ‘तुम्ही लवकर बरे व्हा’ जोडले. वच्छलाबाईंनी कार्ड माझ्याकडून वाचून घेतले आणि म्हणाल्या, “हे त्यानं सांगतलं का?” नवे कार्ड लिहावे लागले.

मी तेथे तीन महिने रविवार दिला. त्या काळात घरात पाचपासून अकरापर्यंत मुले होती. त्या सर्वांना त्या आत्या होत्या. त्या मुलांना जवळ घेऊन कुरवाळत नसत. सकाळी सगळ्यांना कामे असत. भांडणात त्या पडत नसत. कोणाचे रक्त आले तरच विचारत. एक गोष्ट मात्र त्या घरात चालत नसे. ‘मामाच्या गावाला’ हे शब्द. नवा रुग्ण आला की मुलाला पहिल्याच दिवशी अंगणातल्या बाजेवर बसवून सांगितले जाई: आईला किंवा बापाला काय झाले आहे, कोठे नेले आहे, कधी येणार ते माहीत नाही. पाच वर्षांच्या मुलालाही तेच. मी एकदा म्हणालो की हे फार कठोर वाटते.

“खोटं सांगतलं का लेकरू दाराकडं पाहत बसते,” त्या म्हणाल्या. “खरं सांगतलं का रडते, अन् मंग जेवते.”

हे त्या कोठे शिकल्या ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. उस्मानभाईने सांगितले. त्यांचा नवरा जिनिंगमध्ये मजूर होता. त्याला जिभेचा रोग झाला. त्या त्याला मुंबईला घेऊन गेल्या तेव्हा सात वर्षांची मुलगी नातेवाइकांकडे ठेवली आणि आई मामाच्या गावाला गेली असे तिला सांगण्यात आले. पाचव्या दिवशी मुलगी एकटी चालत मामाच्या गावाला निघाली. चार कोस चालली. तेथे आई नव्हती. “नवरा तिथंच मेला. बाई त्याले पोचवून परत आली,” उस्मानभाई म्हणाला, “तं पोरगी तिच्याशी बोलेच ना. साल निघून गेलं साहेब, अम्मा म्हनून हाक नाही मारली तिनं.” ती मुलगी पुढे अकोल्याला दिली. मी मलकापुरात असताना दोनदा आली. दोघी चुलीपाशी बसून हळू आवाजात गप्पा मारत होत्या.

सगळे रुग्ण परत येत नसत. एका रविवारी मी गेलो तेव्हा अंगणात नेहमीचा गोंधळ नव्हता. खामगावकडच्या एका मुलाचा बाप मुंबईत वारला होता. तार सकाळी आली होती. वच्छलाबाई मुलाला घेऊन बाजेवर बसल्या होत्या. त्या त्याला म्हणाल्या, “तुहा बाप मेला. रात्री मेला. तारेत लिहिलं हाय का त्याले दुखलं नाही. ते खरं का नाही, मले ठाऊक नाही.” मुलगा आठ वर्षांचा होता. त्याने विचारले, “आता आंघोळ कराची का?” त्या म्हणाल्या, “हो. चाल, मी पानी काढून देतो तुले.” त्या दिवशी त्या दुसऱ्या कोणत्याही कामाला उठल्या नाहीत. मुलगा जिथे जाईल तिथे, चार पावले मागे, त्या होत्या.

त्यांच्यात दोष होते. चहा त्या भयंकर करत. आपले म्हणणे पटले नाही तर समोरचा बोलत असतानाच उठून जात. डॉक्टरांनी मुंबईला पाठवण्यात अर्थ नाही असे सांगितलेल्या रुग्णांनाही त्या पाठवत आणि त्यावरून गावातले डॉक्टर व त्या यांचे जाहीर भांडण होई. डॉक्टरांचे बरोबर होते, असे मला अनेकदा वाटले. पुढाऱ्यांशी त्यांचे जमत नसे. जिल्हा परिषद नवी होती. एक सदस्य शाल-नारळ घेऊन त्यांच्या अंगणात आले. फोटो काढण्यासाठी मला बोलावले होते. वच्छलाबाईंनी शाल एका मुलाच्या अंगावर टाकली आणि विचारले, “तुमी कोन्ता वार देता, भाऊ?”

“बाई, आमचे सातही वार तुमचेच!”

“सात नोको. सात देनारा एक बी देत नाही. बुधवार रिकामा हाय.”

सदस्य हसले आणि गाडीत बसले. बुधवार पुढेही रिकामा राहिला.

पंचफुलाची कार्डे नियमित येत होती. कुसुमला ती पाहता यावीत म्हणून आम्ही ती पुढे गुरुजींच्या नावे पाठवत असू. पहिले दोन आठवडे कोरे गेले, कारण शस्त्रक्रिया झाली होती. मग उभ्या रेघा सुरू झाल्या. गोल फार कमी. एका आठवड्यात सहा रेघा आणि एकही गोल नव्हता. तो आठवडा वच्छलाबाईंनी सर्वांशी भांडण्यात घालवला. नंतर गोल वाढले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दुसऱ्या कोणाच्या अक्षरात एक ओळ आली: मंगळवारच्या गाडीने येत आहे.

मला नागपूरच्या एका दैनिकात नोकरी मिळाली होती आणि त्याच आठवड्यात मी मलकापूर सोडणार होतो. त्या मंगळवारनंतर मी वच्छलाबाईंना पाहिले नाही.

सीताराम कुसुमला घेऊन सकाळीच आला होता. गाडीला उशीर होता. वच्छलाबाईंनी खिडकीवरून चौघांची फलाटाची तिकिटे काढली; मी शेजारी उभा होतो. तीन आम्हाला दिली आणि चौथे आपल्या कमरेच्या गाठीत खोवले. गाडी आली. पंचफुला तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरली. ती फार वाळली होती आणि उजवा हात सुजलेला, अंगापासून थोडा दूर धरला होता. कुसुम जागची हलली नाही. पंचफुलाने डाव्या हाताने तिची वेणी धरली, तपासावी तशी, शेंड्यापर्यंत. मग मुलगी मोठ्याने रडायला लागली, आणि आईही. फलाटावरची माणसे थांबून बघू लागली. दोघी-तिघी बायका जवळ सरकल्या. कोणीतरी विचारलेही, “काय झालं हो हिले?”

त्याच वेळी फलाटाच्या दुसऱ्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. वच्छलाबाईंनी तिकीट तपासनिसाला गाठले होते.

“कायचं तिकिट? माह्या गावच्या फलाटावर मी तिकिट काढू? तुमी कोन हो मले इचारनारे?”

“बाई, मी तुम्हाला काही विचारलेच नाही,” तपासनीस म्हणत होता.

“नाही इचारलं, पन इचारनार होते! तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं हाय!”

माणसे तिकडे वळली. बायकाही वळल्या. हमालांनी गाडे थांबवले, डब्यांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली, आणि बघता बघता सगळा फलाट त्या भांडणाभोवती गोळा झाला. इकडे बाकाजवळ पंचफुला आणि कुसुम दोघीच राहिल्या. सीताराम गाठोडे उचलून थोडा बाजूला उभा होता. गर्दीच्या वर मला वच्छलाबाईंचे डोके दिसत होते. एक हात त्यांनी तपासनिसाच्या तोंडासमोर उंचावला होता. दुसरा कमरेवर होता, तिकीट खोवलेल्या गाठीवर घट्ट दाबलेला.